साडेतीन किलो

जाल सेठनी खोका पुढे सरकवला आणि म्हणाले, उचल.
मी सवयीनं पाय फाकवले,
दम धरला, कंबर सांभाळली,
आणि खोका असा झटकन वर आला
की तोल माझाच गेला.

कोपऱ्यावरच्या कांदेवाल्याकडे काट्यावर ठेवली.
साडेतीन किलो.
जुनी, शिशाची, सोळा भरायची.
सतरा वर्षं मी तिला या लाल गाडीच्या पाठीत बसवली, काढली.
माझ्या मणक्यातली एक चकती तिच्या नावावर आहे,
तीन पँटींना तिच्या ॲसिडची भोकं.

"साडेबारा किलो उतरले, सुदाम," सेठ म्हणाले,
जणू स्वतःचेच उतरले.
गाडी धावते वर्षातून दोनदा, कोइमतूरला.
बाकीचे दिवस पाषाणच्या शेडमध्ये
हिरव्या ताडपत्रीखाली.

शिशाची बॅटरी कुरकुरायची,
टोकांना पांढरी बुरशी धरायची,
मेली म्हणता म्हणता परत यायची.
घोटभर डिस्टिल्ड पाणी, रात्रभर मंद चार्जिंग,
दोन शिव्या,
की सकाळी मान वर.

ही सांगतच नाही काही.
पहिल्या वर्षी पोरीच्या ॲडमिशनच्या धावपळीत
तीन महिने शेडवर जाणं झालं नाही.
डॅशबोर्डातलं घड्याळ
आणि लॅपटायमरचा एक हिरवा ठिपका,
दोघं मिळून नखाएवढा करंट पीत बसले.
नखाएवढा. पण रोज.
मी मीटरची टोकं लावली तर
चार पॉइंट एक.

मग कागदावर जे जे करू नका म्हणून छापलं होतं
ते सगळं मी ओळीनं केलं.
शिशाचाच चार्जर लावला,
वर फडकं टाकलं, हात जोडले.
सव्वीस हजार रुपये.
मेलेलं माणूस जड होतं म्हणतात.
ही तेवढीच राहिली, साडेतीन.

सेठ ओरडले नाहीत.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
दुसरी मागवली.

आता गाडी ट्रेलरवरून उतरली
की आधी पाना काढतो मी, मग घाम पुसतो.
बॅटरी माझ्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी,
बसनं नाना पेठेत येते.
शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर राहते.
पूर्ण भरायची नाही, रिकामी होऊ द्यायची नाही,
अर्ध्याच्या जरा वर ठेवायची,
असं शैलाला समजावलं तर म्हणाली,
आपलं पासबुक कधी इतकं नीट ठेवलंत?

यंदा सेठचं डोळ्याचं सर्टिफिकेट झालं नाही.
कोइमतूरचा विषय कुणी काढला नाही.
मुलगा एकदा दोन माणसं घेऊन आला,
त्यांनी ताडपत्री उचलून फोटो काढले.
तरी महिन्याच्या एक तारखेला फोन येतो.
"सुदाम, किती?"
"तेरा पॉइंट दोन."
"बस."
आणि फोन ठेवतात.

परवा म्हणाले, घेऊन ये.
पहाटेची वेळ, पाषाणला सात अंश,
माझी बोटं पान्याला चिकटत होती.
सेठ आत बसले, जुने हातमोजे घालून,
बेल्ट लावायला मी मदत केली.
चावी फिरवली.
टक्.
पुन्हा टक्.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

थंडीत हिला आधी थोडं काम द्यावं लागतं, सेठ,
मग अंगात ऊब येते.
मी हेडलाइट लावायला सांगितले.

समोरची भिंत उजळली:
मागच्या वर्षीचं कॅलेंडर, मार्चवर थांबलेलं,
खिळ्याला टांगलेला फॅनबेल्ट,
आणि पत्र्याच्या फटीशी एक पाल, हललीच नाही.
दोघं त्या उजेडाकडे बघत राहिलो.
पिवळा होता, हळूहळू पांढरा होत गेला.

"आता?"
"अजून एक मिनिट."
त्यांनी चावीवरचा हात काढला,
स्टिअरिंगवर ठेवला, दुसऱ्याच्या शेजारी.