आजचा भाव

आयकॉनवर बोट दाबून धरलं
की एक छोटी यादी उघडते:
आजचा भाव. माझी विक्री. बर्फाची गाडी.
त्यातली पहिली ओळ माझी.
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं,
म्हणून ती थेट भावाच्या पानावर नेते.
म्हणजे, न्यायला हवी.

माझ्या फोनवर नेते.
किसुमूत, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली
चार्जरला जोडलेल्या माझ्या फोनवर
तिनं मला चाळीस वेळा नेलं.
ओबुयानंही बघून मान डोलावली.

आणि डुंगाच्या किनाऱ्यावरून मिन ओडेरोचा निरोप आला
(ओडेरोची आई; इथे बाईला लेकाच्या नावानं हाकारतात):
तुझं दार मला रोज ओसरीतच सोडतं.

पहाटे गेलो.
सरोवर अजून शिशाच्या रंगाचं,
होड्यांवरचे कंदील एकेक करून विझत होते.
बायका जुन्या जाळ्यांवर ओमेना पसरत होत्या,
करंगळीएवढी मासळी,
सुट्या पैशांचं पोतं फाटावं तशी.

मी तडक विचारलं, शॉर्टकट चालतोय का?

तिनं वर बघितलं नाही.
ओयावोरे, म्हणाली.
ओयावोरे, मी ओशाळून.
मग रात्र कशी गेली ते झालं.
आईचा गुडघा झाला.
बहिणीला मुलगी झाली म्हणे, नाव काय?
अवूर.
म्हणजे मध्यरात्रीची! वीज होती?
नव्हती. बॅटरीवर निभावलं.
असं पान पान उलटत, एकही न गाळता,
आम्ही त्या प्रश्नापाशी पोचलो
जो मी आल्या आल्या तिच्या तोंडावर फेकला होता.

तेव्हा तिनं हात लेसोला पुसले, फोन काढला.
काचेला तडा, कोपऱ्यात एक खवला.
दाबून धरलं. आजचा भाव.
आणि उघडलं पहिलंच पान:
हसरा निळा मासा, सुस्वागतम्,
खाली विम्याची जाहिरात.

माझ्या फोनवर ॲप कधी मरतच नव्हतं.
मागे कुठेतरी जागं असायचं, हाक मारली की ओ द्यायचं.
तिच्या फोनात जागा नाही, चर्चच्या कॉयरचे व्हिडिओ खच्चून भरलेले;
घटकाभर नजर वळली की तो ॲपचा गळा दाबतो.
मग ते नव्यानं जन्मतं, डोळे चोळत,
आणि कुठे जायचं ती चिठ्ठी
हातात पडायच्या आधीच
स्वागत करत सुटतं.

उलट्या होडीवर लॅपटॉप ठेवला.
आधी चिठ्ठी वाच, मग दार उघड.
सात ओळी. त्यातली एक नुसता स्वल्पविराम चुकल्यामुळे दोनदा लिहिली.

तिनं दाबलं. भाव आला.
डब्याला दोनशे चाळीस शिलिंग.
खूश होऊन तिनं 'मागे' दाबलं,
तर ॲपच गायब. उरला वॉलपेपर,
पदवीच्या झग्यातला ओडेरो.

हे बघ, ती म्हणाली,
थेट आत आणलंस, बरं केलंस.
पण आत आलेल्या माणसाला
जाताना ओसरी लागायला नको?
मी काय छपरातून पडले?

आता तिच्यासाठी एक रस्ता अंथरायचा होता,
तिच्या पाठीमागे,
जिथून ती कधी आलीच नव्हती.
भावाच्या पानाखाली गुपचूप पहिलं पान सरकवायचं,
हसऱ्या माशासकट.
जाहिरात तेवढी काढली. मालक ओरडेल, ओरडू दे.

ऊन चढलं. मी येतो म्हणालो आणि निघालोच,
चार पावलांवर आठवलं,
परत फिरलो.
निरोपाचीही पानं असतात. ती उलटली.
मग तिनं डबाभर ओमेना कागदात बांधली.

कितीला, मी विचारलं.

तिनं फोन पुढे केला.
दाबून धर, म्हणाली.