दोनशे तेरावी

दोनशे बारा पिशव्या शिवून झाल्या होत्या,
केळीच्या घडांना घालायच्या, पांढऱ्या, पातळ,
आणि मोटर थांबली.
गुरगुरलीसुद्धा नाही.
लाइट तर होती. पंखा फिरत होता,
समोर कस्तुराबाईच्या जुन्या डब्यात
कुणाची तरी सासू रडत होती.

आधी पायटा उघडला, फुंकला.
आत एक मुंगळा. तो निर्दोष निघाला.
मग वायर, वीत वीत चाचपत.
टेस्टरचा दिवा मोटरीच्या दारापर्यंत पेटत गेला.
म्हणजे वीज येत होती,
आत कुणी घेत नव्हतं.

चाक हाताने फिरवलं. मोकळं.
फिरवता फिरवता पायटा दाबला:
एक आचका, एक निळी चुणूक,
पुन्हा गप्प.

चोपड्यात हिलाल मिस्तरीच्या टपरीत
मी एकदा तीन तास बसले होते वॉर्निशच्या वासात.
मान वर न करता ते म्हणाले होते,
"मोटर लवकर मरस नही बाई,
तिना कोयसा सरी जास."

पिन काढली.
(न काढण्याची चूक एकदाच केली, चौदा साली.)
बाजूचं टोपण सोडवलं.
कार्बन नखाएवढा असावा,
उरला होता तांदळाएवढा,
आणि मागची स्प्रिंग ताणून ताणून
त्याला तांब्याकडे ढकलत होती.
पोचत नव्हता तो.

रात्रीचे साडेदहा. दुकानं बंद.
अडावदचा टेम्पो पहाटे सहाला.

घड्याळातला सेल काढला, पक्कडीने फोडला.
काळी भुकटी ओट्यावर, आणि मधोमध
ती कांडी, शाबूत.
उंबऱ्याच्या दगडावर घासत बसले.
गोल होती, चौकोनी करायची.
दोनदा मोडली.
तिसऱ्यांदा जीभ दातात धरून घासली.
तांब्याच्या पट्ट्या चिंधीने पुसल्या,
मधल्या खाचा शिवणाच्याच सुईने उकरल्या,
सोळा नंबरच्या.

पिन लावली.
फिरली.
खोकत, ठिणग्या उडवत,
जळक्या केसांचा वास सोडत, पण फिरली.

लगेच समोरून ओरडणं:
"काय करी ऱ्हायनी वं? टीव्हीवर मुंग्या उन्यात!"
मी खिडकीचं एक दार लावून घेतलं.
घड्याळ साडेदहावरच थांबलेलं,
तेही बरंच.

दोनशे तेरावी.
टाका जरा वाकडा गेलाय.
केळीला काय कळतंय.