नावाआधी टिंब

मिल बंद पडल्यावर भंगारात निघालेलं हे यंत्र
मी साठ रुपयांना घेतलं, अशोक चौकाच्या अलीकडे,
टायर आणि फुटक्या कुलरांच्या ढिगातून.
तळहाताएवढा संगणक. गोदामात चादरी मोजायचा.
आठ नंबरची कळ पार झिजलेली.
पाठीवर चिकटपट्टी, बॉलपेनने: हलकुडे, शिफ्ट दोन.

एप्रिल. रात्रीचे अकरा, तरी पत्रा गरम.
त्याच्या कुशीत वायर खुपसली आणि विचारलं,
काय काय आहे तुझ्यात?
शहाण्या मुलासारखी चार नावं सांगितली त्याने:
माल. दर. पावत्या. सेटिंग.

मग विचारलं, सगळं सांग.
लपवलेलं पण.

नावाआधी एक टिंब दिलं
की फाईल यादीत दिसत नाही. एवढीच युक्ती,
कुलूप नाही, पासवर्ड नाही.
आई वाकडी विडी अशीच बांधायची,
कट्ट्याच्या मधोमध, बाहेरून पंचवीस सरळ तोंडं.

आधी एकटं टिंब आलं, म्हणजे इथेच, उभी आहेस तिथे.
मग दोन टिंबं, म्हणजे एक पायरी वर,
जिच्या पोटात तू आहेस ती.
आणि त्यांच्या खाली, टिंबाला चिकटून, तिसरं:
.निज

मराठीत वाचलं, तर झोप.
हलकुडेच्या कानडीत, खरं.
आमच्या घरातल्या तेलुगूत शेवटी एक म लागतो,
पण तेही खरंच.

उघडलं.

वर, मालाच्या फाईलमध्ये, अख्ख्या मे महिन्याला
दोष शून्य, दोष शून्य, दोष शून्य.
इथे:
माग चार, गाजूल. किनार वाकडी. दोन दिवस जेवला नाही.
माग अकरा, चिट्याल. सात तार तुटले. चष्मा फुटलाय.
माग सतरा, यमूल. मोर उलटा. पोरगी दवाखान्यात.

पोरगी म्हणजे मी.
सिव्हिलच्या खाटेवर, पिवळी, सलाईनकडे बघत.
आणि तिकडे नायनांच्या हातून
पत्त्यांची माळ उलटी चढली जॅकार्डवर,
आणि मोर विणला गेला पाय आकाशात करून.

दोषाला अकरा रुपये कापायचे.
चारशे बारा ओळी आहेत.
मी गुणाकार करून बघितला, मग पुन्हा एकदा,
चार हजार पाचशे बत्तीस.
इतके रुपये एका माणसाने
एका टिंबामागे उभे करून ठेवले,
आणि वर लिहिलं शून्य.
कुणासाठी लिहिलं मग हे खाली?
खोटं बोलणाऱ्यालाही कुठेतरी
खरं ठेवायला जागा लागत असेल.

बाजेवरून आवाज आला: लोपल एमुंदि?
आत काय आहे.
नायनांना वाटतं, यंत्र उघडलं की आत काहीतरी असतंच.
मी विचारलं, हलकुडे कोण होता?
"इरण्णा? लई कडक होता की.
कधी हसला नाही. चहाला बोलावलं तर यायचा नाही.
मालकाचा माणूस."
कूस बदलली. थोड्या वेळाने, अंधाराला उद्देशून:
"पण माझ्या मालात त्याला कधी खोट सापडली नाही.
एकोणतीस वर्षं. विचार कुणालाही."

मी पडद्याचा उजेड कमी केला.
मोर अजून उलटाच होता.

सकाळी नई जिंदगीचे रफीकचाचा येतील न्यायला,
दुकानाच्या उधारीसाठी.
त्यांना रिकामं हवंय.
माल पुसला. दर पुसले. पावत्या, सेटिंग.
पाचव्या नावापाशी बोट थांबलं,
त्या झिजलेल्या आठच्या कळेवर, जिथे त्याचं थांबत असेल.

मग वायर काढण्याआधी साधंच विचारलं,
लपवलेलं पण, असं न म्हणता:
काय आहे तुझ्यात?

काही नाही, म्हणालं.