दहा पावलं

गेल्या जत्रेत पहिलं गरनाळ उडालं
आणि खाज्याच्या दुकानाला बांधलेला तिरफळ
दुकानाचा बांबू घेऊन गेला.
तिसऱ्या दिवशी सापडला, खाडीपल्याड,
उलथ्या होडीखाली,
गळ्यात काथ्याची दोरी,
डोळ्यांत मी अनोळखी.

लोक म्हणाले, यंदा घरी कोंडून ये.
घरी कोण आहे?
मुलगा गोव्यात बोटीवर,
शेजारचं घर चतुर्थीपुरतं उघडणारं.
आणि एकदा कोंडला होता तेव्हाच्या नखांचे ओरखडे
दाराच्या आतल्या अंगाला आहेत अजून.

म्हणून भात पिवळं पडायला लागलं तेव्हाच
आम्ही जत्रेला निघालो,
रोज थोडं थोडं.

पहिल्या दिवशी बंदराच्या वळणापर्यंत फक्त.
लिलाव ऐकू यावा, माणसं दिसू नयेत,
एवढ्या अंतरावर उभी राहिले
आणि सुक्या बांगड्याचा तुकडा पुढे धरला.
खाल्ला.

खातो आहे तोवर ठीक.
हे कुणी शिकवलं नाही मला.
हे गेले त्या दिवशी बिल्किसनं पेज आणली होती,
वाटीवर साय धरेपर्यंत
मी तिच्याकडे बघत बसले होते,
त्यावरून ठाऊक.

आठवड्यानं बर्फाच्या कारखान्याशी.
आत लादी फुटली,
तुकडा नाकासमोर, आणि तोंड मिटलेलं.
ओरडले नाही. ओढलं नाही.
दहा पावलं मागे आले.
तिथे खाल्ला.
बिल्किस टोपलीआडून हसली,
‘अशी मागे मागे गेलीस
तर जत्रेला पोचशील पुढच्या सालात!’

परशा घाडी ढोल घेऊन मळ्यात यायचा संध्याकाळी,
आधी नुसत्या बोटांनी,
मग हलक्या टिपरीनं, माडाच्या पलीकडून.
त्याचे पैसे घेईना,
खाजा घेतला. अर्धा त्यातला तिरफळानं.

पोरांना सांगितलं,
डोक्यावर हात नको, हनुवटीखाली,
आणि तो येईपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही.
पोरं एवढी गप्प बसलेली
शाळेच्या बाईंनी पाहिली नव्हती कधी.

राहिला राक्षस.
दशावतारात काम करणारा सोनू मेस्त्री
तोंडाला रंग फासून, मुकुट घालून
भरदुपारी अंगणात आला.
तिरफळ भुंकून भुंकून माझ्या साडीत शिरला.
सोनू पायरीवर बसला, मुकुट मांडीवर घेतला,
हळू म्हणाला, ‘मीच रे मेल्या.’
शेपटी एकदा हलली.
‘बघ गो,’ सोनू म्हणाला,
‘माका आवाजान वळाखता, तोंडान नाय.’

जत्रेला दुकान टोकाला मांडलं, विहिरीपाशी.
धंदा निम्मा, पण पाठीमागे मोकळी शेतं.
पाटाखाली माझं जुनं लुगडं, त्यावर तो.
पालखी निघाली.
ढोल वाजला, परशाचाच,
कान उभे राहिले, खाली आले.

मग गरनाळ.

तुकडा धरला. घेतला नाही.
समोर गिऱ्हाईक पाव किलोला थांबलेलं,
त्यामागे आणखी तिघं,
आणि माझा हात पाटाखाली तसाच,
बांगडा धरून.

‘ऊठ,’ बिल्किस म्हणाली,
आणि तराजूपाशी येऊन बसली.
तिला खाज्याचा भाव माहीत नव्हता.
काय वाटेल तो लावला असणार.

दहा पावलं मोजली अंधारात,
कापलेल्या भाताच्या खुंटांवरून.
तिथून जत्रा पणतीएवढी.
त्याचा श्वास माझ्या पोटरीवर,
भरभर, मग थांबून थांबून.
तुकडा घेतला.

दुसऱ्या गरनाळाला आम्ही आठ पावलांवर होतो.
पहाटे दहीकाल्याची हंडी फुटली
तेव्हा तीन.