हेथ

मांगरूळच्या सबस्टेशनमागे आमचं क्वार्टर.
डाळीच्या डब्याला टेकवलेला टॅब,
त्यात पनवेलच्या सिगुलाबाई,
अर्ध्या वाक्यात गोठलेल्या.

एझ्रा उजवीकडून वाचतो.
'हेथ,' म्हणतो, माझ्या सासऱ्यांसारखं,
नुसत्या श्वासानं,
पुसायच्या आधी चष्म्यावर फुंकावं तसं.
ॲप लाल होतं.
ॲपला हवंय 'खेत'.

'खेत म्हंजे वावर नं, काकू?'
दारातून भुमेश्वर.

सिगुलाबाई पुन्हा हलतात:
राहू दे लाल.
आजोबांची कॅसेट आहे ना, ती भर त्यात.
आधी घरचं ऐकू दे पोराला.

दोन रात्री टेपशी टॅब धरून बसले.
आता अक्षराला बोट लावलं
की आधी खोकला येतो
सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा,
मग हेथ.

शुक्रवारी शब्बाथचा दिवा लागला
की टॅब कपाटात.
मी कुठल्याच बटणाला हात लावत नाही.
नवरा मात्र चप्पल घालतो,
शेतीचा फीडर त्यालाच चालू करायचा असतो.

थोड्या वेळानं अंधारात
भुमेश्वरकडचा पंप घसा खाकरतो.
एझ्रा घास थांबवून ऐकतो.

'आई,' म्हणतो, 'खेत.'