पाणी

आग्नेल बोटीवरून आला तेव्हा
चॉकलेटांच्या डब्याखालून निघाला हा चाकू.
दमास्कसचं पोलाद, अक्रोडाची मूठ,
पात्यावर लाटांमागून लाटा,
ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा.

वहिनीने तो शोकेसमध्ये ठेवला,
काचेच्या बदकांशेजारी.
चतुर्थीला माणसं येतील, बघतील.

नवव्या दिवशी कुळागरात पंपाचा पाइप फुटला
आणि हाताशी दुसरं काही नव्हतं.

तेव्हापासून माझ्या खिशात आहे.
सुंभ कापतो, मिरवेलीचे जुने बांध सोडवतो,
खताच्या गोणीचं तोंड, वीजबिलाचं पाकीट.
एकदा दामूच्या टाचेतला काटा
आणि, धुऊन, त्याच दुपारी अननस.
टोक जरासं गेलंय.
रंगाचा डबा मी त्याने उघडायला नको होता.

दगडावर घासून घासून लाटा पुसट झाल्या.
पातं नुसतं पातं राहिलं.
आग्नेलला काय तोंड दाखवू?

मग मे महिना. सावईवेऱ्यात
भिरंडांचा ढीग, फोडायला आम्ही चौघं,
मनगटापर्यंत लाल.
रात्री चाकू धुवायचा राहिला.

सकाळी पुसतो तर
लाटा परत आलेल्या,
होत्या त्याहून काळ्या.
फोनवर आग्नेल हसला :
अरे, घडवणारेही शेवटी आंबटातच बुडवतात त्याला.

बाणस्तारीचा लोहार कोयता परत देताना म्हणायचा,
पाणी बरं बसलंय.
कुठलं पाणी, ते मी कधी विचारलं नाही.

आता वहिनीही मागते, कैरीला, सुरणाला.
देतो.
फणसाला मात्र देत नाही.