दुसरी वेलांटी

जिन्याखाली पत्रक चिकटवलंय:
रविवारी मॅमोग्राफीची गाडी, तळजाईच्या उतारावर,
चाळिशीपुढच्या सर्व भगिनींसाठी मोफत तपासणि.
‘णि’ला पहिली वेलांटी.
चौतीस वर्षं नारायण पेठेत प्रुफं वाचली मी,
डोळा आधी तिथंच जातो.

चूक शोधायला बसलं की चूक सापडते.
एकदा रात्री दोन वाजता
कुणा मास्तरांच्या आठवणींतली ‘पाणंद’ खोडून
मी ‘आनंद’ केला.
पुस्तक छापून आलं,
त्यांची गुरं आनंदातून घरी परतली.

आणि न सापडलेल्या?
त्याही छापून येतात.
प्रमिलावन्संची कळली तेव्हा
शेवटचा फर्मा मशीनवर चढला होता.

बेलसरे वहिनींची मोहरीएवढी असतानाच सापडली.
सहा वर्षं झाली, रोज टेकडी चढतात.
हेमलता तापकीरला परत बोलावलं, सुई घातली,
म्हणाले, काही नाही.
‘काही नाही’ म्हणायला तीन आठवडे लागले.
अजून फोन वाजला की ती उठून उभी राहते.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची.
पॅडवर ठिपके काढत बसली:
या थोड्या वाचतात,
या बऱ्याचजणी उगाच घाबरतात,
आणि या काही, काकू,
यांची गाठ जन्मभर झोपूनच राहिली असती.
यांनाही आम्ही कापतो.
‘त्या कोण?’
‘ते कुणालाच कळत नाही.
त्याही पेढे वाटतात.’

बेलसरे वहिनींचा पेढा मी खाल्लाय.
त्या कुठला ठिपका,
हे त्यांना विचारता येत नाही, मलाही नाही.

आमचे फोरमन गुजर सांगायचे,
शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाका,
शब्दाला हात लावू नका.
ब्लाउजची बटणं लावताना
मी आरशात समास शोधते.

‘ठरवा तुम्ही,’ म्हणाली डॉक्टर.
छापण्यास हरकत नाही, खाली सही, तारीख.
हे आजवर मी परक्या पुस्तकांवर लिहिलं.

रविवारी साडेदहा. टोकन एकोणतीस.
पुढं सोळाजणी, कुणी छत्री उघडून, कुणी जपमाळ.
गाडीच्या दारावरही तेच पत्रक.
पर्समधून लाल पेन काढलं,
दुसरी वेलांटी दिली.
तेवढी चूक तरी
नक्की चूक होती.